पापडाचं लेबल आपणच करायचं, तर लॅपटॉप कोणता घ्यायचा?



कात्रज चौकापासून घाटापलीकडच्या शिंदेवाडी, वेळू, खेड शिवापूरपर्यंत बैठकांना फिरताना हल्ली एक प्रश्न सारखा कानावर येतो. "मॅडम, पोरीनं डिझाइनचा कोर्स केलाय, आता लॅपटॉप मागतीय. गटातून कर्ज काढायचंय. कोणता घेऊ?" काही गटांचा प्रश्न थोडा वेगळा असतो. पापड, मसाला, हळद यांची लेबलं बाहेरून करून घ्यायची, मग एक शब्द बदलायचा म्हटलं तरी नारायण पेठेत नाहीतर आप्पा बळवंत चौकात चक्कर मारायची. बसचं तिकीट, अर्धा दिवस आणि डिझाइनवाल्याचे पैसे असा तिहेरी खर्च. त्यापेक्षा गटानेच लॅपटॉप घेतला तर?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर या धड्यात एकत्र देत आहे. लॅपटॉप ही चाळीस-पन्नास हजारांची वस्तू आहे, आणि हे पैसे शंभर-दोनशे रुपये महिना बचतीतून जमलेले आहेत. त्यामुळे "दुकानदार म्हणाला चांगला आहे" एवढ्यावर घेऊन चालणार नाही. काय विचारायचं आणि काय तपासायचं हे आपल्याला माहीत हवं. धडा मोठा आहे. एका बैठकीत अर्धा वाचा, उरलेला पुढच्या बैठकीत.

१. आधी काम ठरवा, मग लॅपटॉप

डिझाइन हा एकच शब्द असला तरी त्यात कामं वेगवेगळी येतात, आणि प्रत्येक कामाचा लॅपटॉपवरचा भार वेगळा असतो. हे समजायला थोडं गणित करू.

संगणकावरचं चित्र ठिपक्यांचं असतं, आपली रांगोळी असते तसं. छपाईसाठी साधारणपणे एका इंचात ३०० ठिपके धरतात. मसाल्याच्या पुडीचं लेबल ४ इंच रुंद आणि ३ इंच उंच असेल, तर १,२०० गुणिले ९००, म्हणजे १० लाख ८० हजार ठिपके झाले. छपाईच्या चार रंगांत त्याचा भार साधारण ४ एमबी होतो. एवढं काम कोणताही बरा लॅपटॉप सहज करतो.

आता प्रदर्शनातल्या स्टॉलचा फ्लेक्स घ्या, १० फूट बाय ६ फूट. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, म्हणून तिथे इंचाला ७२ ठिपकेही चालतात. तरीसुद्धा ८,६४० गुणिले ५,१८४, म्हणजे जवळजवळ साडेचार कोटी ठिपके होतात. भार साधारण १८० एमबी, आणि तोसुद्धा एका थराचा. डिझाइनमध्ये मागचा रंग, फोटो, नाव, सावली असे अनेक थर एकावर एक येतात. कुणी अजाणता हाच फ्लेक्स इंचाला ३०० ठिपके धरून केला, तर एकच थर ३ जीबीच्या पुढे जातो. मग महागडा लॅपटॉपही अडखळतो. अशा वेळी दोष लॅपटॉपचा नसतो, आकडा चुकलेला असतो.

म्हणून पहिल्यांदा वहीत लिहा, आपलं काम यातलं कोणतं आहे :

पहिला प्रकार : लेबल, पाकिटाचं डिझाइन, हळदीकुंकवाची पत्रिका, व्हॉट्सअॅपवर पाठवायची जाहिरात.
दुसरा प्रकार : वरचं सगळं, शिवाय मोठे फ्लेक्स, फोटोंची जास्त कामं, माहितीपुस्तिका.
तिसरा प्रकार : व्हिडिओ जोडणं, हलणारी चित्रं, त्रिमिती डिझाइन.

आपल्या गटांतल्या बहुतेक मुलींचं काम पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारातलं असतं. दुकानात मात्र डिझाइन म्हटलं की तिसऱ्या प्रकारचा लॅपटॉप दाखवतात. त्यातच वीस-पंचवीस हजार जादा जाऊ शकतात.

२. लॅपटॉपच्या आत काय असतं

दुकानातला माणूस भराभरा शब्द फेकतो : प्रोसेसर, रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड. हे शब्द स्वयंपाकघरात आणून बसवले की घाबरायला होत नाही.

प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. तिचा हात जितका चपळ, तितकं काम लवकर उरकतं.

रॅम म्हणजे ओटा. चालू कामाचं सामान ओट्यावर असतं. ओटा लहान असेल तर परात ठेवायला पातेलं उचलून खाली ठेवावं लागतं. लॅपटॉप 'हँग' होतो असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याच वेळा ओट्यावर जागा उरलेली नसते.

एसएसडी म्हणजे फडताळ. काम संपल्यावर सामान तिथे जातं. जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडीच्या जागी हार्ड डिस्क असते. तीही फडताळच, पण अंधाऱ्या माळ्यावरचं. प्रत्येक वस्तू काढायला वेळ लागतो.

ग्राफिक कार्ड म्हणजे फक्त पोळ्या लाटायला बोलावलेली वेगळी बाई. घरच्या माणसांपुरती तिची गरज नसते. दोनशे पानांचं जेवण असेल तर लागते. व्हिडिओ आणि त्रिमिती काम हे दोनशे पानांचं जेवण समजा. लेबल-पत्रिकांना प्रोसेसरच्या आतच असलेली चित्रांची सोय पुरते.

३. किती हवं?

रॅम : ८ जीबी म्हणजे कमीत कमी, १६ जीबी म्हणजे निश्चिंती. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर बनवणारी अडोबी कंपनी स्वतःच किमान ८ आणि शिफारस १६ जीबी अशी सांगते. पैसे कमी असतील तर आज ८ जीबीचा घेऊन पुढच्या वर्षी वाढवता येतो, पण एका अटीवर. काही लॅपटॉपमध्ये रॅम आतल्या पट्टीवर कायमची डकवलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. म्हणून दुकानात हा प्रश्न विचाराच : "यात रॅमचा मोकळा स्लॉट आहे का? जास्तीत जास्त किती जीबीपर्यंत वाढते?" उत्तर 'नाही' असेल तर १६ जीबीचाच घ्या, नाहीतर दुसरा बघा.

एसएसडी : ५१२ जीबी घ्या. २५६ जीबीमध्ये विंडोज आणि सॉफ्टवेअरनेच बरीच जागा जाते, मग फोटो आणि फायली ठेवायला अडचण होते. फक्त हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप डिझाइनसाठी नको.

प्रोसेसर : इंटेल कंपनीचा कोअर आय फाइव्ह किंवा एएमडी कंपनीचा रायझेन फाइव्ह पहिल्या दोन्ही प्रकारच्या कामांना चांगला चालतो. फक्त लेबल-पत्रिका करायच्या असतील तर अलीकडच्या पिढीचा आय थ्रीसुद्धा पुरतो. इंटेलच्या काही नव्या लॅपटॉपवर 'आय' हे अक्षर नसतं, नुसतं 'कोअर ५' किंवा 'कोअर अल्ट्रा ५' असतं. ते बघून गोंधळू नका.

मात्र नावापुढचा आकडा वाचायची सवय लावा. आय फाइव्ह १२३५यू यातले पहिले दोन आकडे १२, म्हणजे बारावी पिढी. आय फाइव्ह ८२५०यू यातला पहिला ८, म्हणजे आठवी पिढी. दोन्हींवर 'आय फाइव्ह'च लिहिलेलं असतं, पण मध्ये बरीच वर्षं गेलेली असतात. एएमडीचंही तसंच. रायझेन ५ ७५२०यू आणि रायझेन ५ ७५३०यू ही नावं जुळ्या बहिणींसारखी वाटतात, फरक एका आकड्याचा. पण पहिल्यात काम करणारे हात, ज्याला कोर म्हणतात, ४ आहेत आणि दुसऱ्यात ६, आणि दुसऱ्याची बांधणीही नंतरची आहे. दोन्हींची किंमत जवळपास असेल तर कोणता घ्यायचा हे आता तुम्हीच सांगाल.

आकड्यानंतरचं अक्षरही बघा. 'यू' असेल तर वीज कमी खातो, बॅटरी जास्त टिकते. 'एच' असेल तर ताकद जास्त, पण तापतोही जास्त आणि बॅटरी लवकर उतरते. ज्या गावात लाइट दिवसातून दोन-तीनदा जाते, तिथे पहिल्या दोन प्रकारच्या कामांसाठी 'यू' बरा.

ग्राफिक कार्ड : पहिल्या दोन प्रकारांना वेगळं कार्ड घेऊ नका. त्याचे पैसे रॅम आणि स्क्रीनमध्ये घाला. व्हिडिओचं काम खरोखर मिळत असेल, तरच ४ जीबीच्या कार्डाचा विचार करा.

वजन : घाट ओलांडून बसने ने-आण करायची असेल तर दीड-पावणेदोन किलोच्या आतला बघा. १४ इंची स्क्रीनचा लॅपटॉप नेआणीला बरा, १५.६ इंची घरी बसून काम करायला बरा.

४. स्क्रीन : सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं

रॅम आणि प्रोसेसर सगळे विचारतात, स्क्रीनबद्दल कुणी विचारत नाही. डिझाइन करणारीला तर दिवसभर स्क्रीनकडेच बघायचं असतं. स्वस्त स्क्रीनवर हळद फिकी दिसते. मग मुलगी पिवळा रंग वाढवते, आणि छापून आलेलं लेबल केशरी निघतं. पाच हजार लेबलं छापून झाल्यावर हे कळलं तर तो माल कुठे घालणार?

स्क्रीनबद्दल तीन गोष्टी विचारा.

पहिली, फुल एचडी आहे का? म्हणजे १,९२० बाय १,०८० ठिपके. यापेक्षा कमी नको.

दुसरी, आयपीएस आहे का? हे स्वतः तपासता येतं. स्क्रीनवर एक फोटो उघडा आणि डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून बघा. बाजूने बघताना रंग उलटसुलट किंवा काळपट दिसले तर ती स्क्रीन डिझाइनला नको.

तिसरी, रंग किती दाखवते? कागदावर '१०० टक्के एसआरजीबी' किंवा त्याच्या जवळपास लिहिलेलं असेल तर उत्तम. '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं असेल तर एसआरजीबीच्या हिशेबात ती साधारण ६०-६५ टक्केच रंग दाखवते. लेबलाच्या कामाला अशीही स्क्रीन चालवून घेतात, पण मग प्रत्येक वेळी छापील नमुना बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सगळ्यात सोपी परीक्षा सांगते. दुकानात जाताना आपल्या मालाचं एक पाकीट आणि त्याचाच उजेडात काढलेला चांगला फोटो पेनड्राइव्हवर घेऊन जा. तोच फोटो दोन-तीन लॅपटॉपवर शेजारी-शेजारी उघडा आणि पाकीट बाजूला धरा. हळद कोणत्या स्क्रीनवर हळदीसारखी दिसते हे तुमच्याइतकं त्या दुकानात कुणालाच कळणार नाही. वर्षानुवर्षं मिरची आणि हळद पारखणारा डोळा इथे कामाला येतो.

तरी एक लक्षात ठेवा. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते आणि छपाई शाईने होते, त्यामुळे दोन्ही तंतोतंत कधीच जुळत नाहीत. झगझगीत हिरवा आणि भडक नारिंगी कागदावर हमखास मंद होतात. लॅपटॉप कितीही भारी असो, प्रेसमधून एक छापील नमुना आधी बघायचा आणि मगच बाकीची छपाई सांगायची.

५. सॉफ्टवेअर आणि आपली मराठी अक्षरं

लॅपटॉप घेतला की काम संपत नाही, सॉफ्टवेअर लागतं. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर ही भाड्याच्या घरासारखी आहेत. महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे भरायचे, भरणं थांबलं की वापर थांबला. हा खर्च हप्त्याच्या हिशेबात धरावाच लागतो.

कायदेशीर आणि फुकट मिळणारी चांगली सॉफ्टवेअरही आहेत. लोगो आणि लेबलासाठी इंकस्केप, फोटोसाठी गिंप, हाताने चित्र काढायला क्रिटा, पुस्तिकेसाठी स्क्रायबस. फोनवर वापरतो ते कॅनव्हा लॅपटॉपवरही चालतं, फक्त त्याला इंटरनेट लागतं. शिकणाऱ्या मुलीने सुरुवात यांवर करावी. काम वाढलं, प्रेसवाले विशिष्ट फाइल मागायला लागले, की मग भाड्याचं सॉफ्टवेअर घ्यावं.

काही ठिकाणी "सगळी सॉफ्टवेअर फुकटात टाकून देतो" असं सांगतात. ती चोरीची प्रत असते. ती बेकायदेशीर आहेच, शिवाय तिच्यासोबत व्हायरस येतो आणि महिन्याभराचं काम एका दिवसात जाऊ शकतं. आपला गट दर महिन्याला हिशेब तपासतो, लेखापरीक्षण करून घेतो. त्याच गटाच्या लॅपटॉपमध्ये चोरीचा माल कशाला?

मराठी अक्षरांचा प्रश्न वेगळाच आहे. डीटीपीवाल्यांकडे वर्षानुवर्षं श्रीलिपीसारखे फाँट वापरले जातात. त्यातल्या जुन्या पद्धतीच्या फाँटमधली फाइल, तो फाँट नसलेल्या लॅपटॉपवर उघडली की सगळी अक्षरं अगम्य होतात. आपण नवीन काम युनिकोड फाँटमध्ये करावं. 'मुक्ता' आणि 'बलू' हे सुंदर देवनागरी फाँट फुकट मिळतात, आणि ते मुंबईच्या एक टाइप या गटाने बनवलेले आहेत. फोटोशॉपमध्ये मराठी लिहिताना कधी जोडाक्षरं तुटतात, 'लक्ष्मी'चा 'क्ष' सुटा पडतो, वेलांटी भलतीकडे जाते. अशा वेळी अक्षरांच्या सेटिंगमध्ये जाऊन जागतिक लिप्यांची मांडणी निवडावी लागते. इंकस्केपमध्ये युनिकोड मराठी नीट बसते. प्रेसला फाइल देताना अक्षरांची आकृती करून पीडीएफ द्यावी, म्हणजे तिकडे फाँट असो वा नसो, अक्षर हलत नाही.

दुकानातच एक ओळ टाइप करून बघा : 'लक्ष्मी गृहोद्योग, ज्वारीचे कुरकुरीत पापड'. तेवढ्यात कळतं.

६. जुना लॅपटॉप घ्यावा का?

घ्यायला हरकत नाही. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून लॅपटॉप काढून टाकतात, ते दुरुस्त करून विकले जातात. कमी पैशात मजबूत वस्तू मिळू शकते. पण म्हैस विकत घेताना दात बघतो, दूध काढून बघतो, तसं इथेही तपासायला हवं.

• पिढी : विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. आता विंडोज ११ चालणारा लॅपटॉप हवा, आणि इंटेलमध्ये त्यासाठी साधारणपणे आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. आय फाइव्ह ६३००यू किंवा ७२००यू अशी सहावी-सातवी पिढी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. बाजारात हाच माल सध्या स्वस्तात पुढे केला जातो.
• बॅटरी : विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढता येतो. नवीन असताना किती साठवायची आणि आता किती साठवते, दोन्ही आकडे त्यात असतात. तो काढून दाखवायला सांगा. अर्ध्यावर आली असेल तर नव्या बॅटरीची किंमत व्यवहारातून वजा करा.
• स्क्रीन : एकदा पूर्ण पांढरं आणि एकदा पूर्ण काळं पान उघडा. डाग, रेघ किंवा मेलेला ठिपका लगेच दिसतो.
• कुलूप : कंपनीचा पासवर्ड अजून आत आहे का? बंद करून पुन्हा चालू करायला लावा.
• तोंड : चार्जरचं, पेनड्राइव्हचं, हेडफोनचं. प्रत्येक तोंडात काहीतरी लावून बघा. कीबोर्डचं एक-एक बटण दाबा.
• बिल : लॅपटॉपचा सिरियल नंबर लिहिलेलं बिल आणि निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी. बिलाशिवाय घेतलेला लॅपटॉप चोरीचा निघाला तर पोलीस चौकीत आपल्यालाच उभं राहावं लागेल.

७. पैशांचा हिशेब

समजा, ४८,००० रुपयांचं कर्ज घेतलं आणि २४ महिन्यांत फेडायचं ठरवलं.

गटाचा व्याजदर शेकडा १ रुपया महिना, आणि व्याज उरलेल्या मुद्दलावर : मुद्दल दर महिन्याला २,००० रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज ४८० रुपये, म्हणजे पहिला हप्ता २,४८०. पुढे हप्ता कमी होत जातो, शेवटचा २,०२०. दोन वर्षांचं एकूण व्याज ६,००० रुपये. गटाचा दर शेकडा २ असेल तर हेच व्याज १२,००० होतं.

बाहेरच्या फायनान्सवाल्याचा दर वर्षाला १२ टक्के, पण सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर : व्याज ११,५२० रुपये. हप्ता दर महिन्याला २,४८०, शेवटपर्यंत तेवढाच.

गंमत बघा. 'बारा टक्के' दोन्हीकडे, पहिला हप्ताही दोन्हीकडे २,४८०. पण एकूण फरक ५,५२० रुपयांचा. म्हणून नुसता हप्ता विचारू नका, "एकूण किती रुपये परत करायचे?" असं विचारा. 'बिनव्याजी हप्ता' असेल तर प्रोसेसिंग फी किती, आणि रोख घेतला तर किंमत किती कमी होते, हेही विचारा. रोखीवर जी सूट मिळाली असती, तीच कधी कधी व्याज म्हणून आपल्याकडून गेलेली असते. मुलीच्या नावाने स्वतंत्र कर्ज हवं असेल तर बँकेत मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंतचं कर्ज विनातारण मागता येतं.

आता दुसरी बाजू. हप्ता कुठून येणार? समजा, एका लेबलाच्या डिझाइनचे ५०० रुपये मिळतात. महिन्याला ६ लेबलं झाली तर ३,००० रुपये. हप्ता २,४८० आणि लाइट-इंटरनेटचे ४०० गेले की हातात १२० उरतात. महिन्याला ३ लेबलंच मिळाली तर १,५०० रुपये येतील आणि १,३८० खिशातून घालावे लागतील. विजेची फार काळजी नको. ६५ वॅटच्या चार्जरवर रोज सहा तास काम केलं तरी महिन्याला दहा-बारा युनिटच होतात. काळजी आहे ती कामाची.

म्हणून माझा सल्ला असा. कर्जाच्या अर्जाआधी मुलीने दोन महिने फोनवर, नाहीतर ओळखीच्या संगणक वर्गात तासावर बसून काम करावं. आपल्याच संघातल्या गटांची लेबलं करावीत, भीमथडी किंवा सरससारख्या प्रदर्शनाला जाणाऱ्या गटांचे फ्लेक्स करावेत, आणि पैसे घेऊनच करावेत. दोन महिन्यांत किती काम आलं ते वहीत दिसेल. त्या आकड्यावरून लॅपटॉपची किंमत ठरवा. लॅपटॉप आला की काम आपोआप येईल, या भरवशावर कर्ज काढू नका.

८. दुकानात गेल्यावर

पुण्यात दुकानं भरपूर आहेत, सातारा रस्त्यापासून बुधवार पेठेपर्यंत. निदान तीन ठिकाणी भाव काढा. ऑनलाइन किंमतही बघा, आणि तिची तुलना त्याच पूर्ण नंबरच्या मॉडेलशी करा, नुसत्या कंपनीच्या नावाशी नको.

अनुभवाची एक गोष्ट सांगते. सोबत भाऊ, नवरा किंवा मुलगा असला की दुकानदार त्याच्याशीच बोलतो, मग पैसे आणि काम दोन्ही बाईचं असलं तरी. अशा वेळी प्रश्नांचा कागद आपल्या हातात ठेवा आणि एकेक प्रश्न आपणच विचारा. उत्तर त्याच कागदावर लिहून घ्या. लिहून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणी भलतंसलतं सांगत नाही. ज्या मुलीला काम करायचंय तिला घेऊन जा, तिलाच कीबोर्डवर बसवा.

बिलावर पूर्ण मॉडेल नंबर, सिरियल नंबर आणि जीएसटी हवा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. "बिल नको असेल तर कमी करतो" असं कुणी म्हणालं तर त्या सवलतीत आपली वॉरंटी आणि तक्रारीचा हक्क दोन्ही जातात. चार्जरवर बीआयएसची खूण बघा. वॉरंटी किती वर्षांची, सर्व्हिस सेंटर पुण्यात कुठे, माणूस घरी येतो की आपण न्यायचा, हेही लिहून घ्या. पुढे फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आणखी दोन खर्च धरून चला : एक माउस आणि फायलींची दुसरी प्रत ठेवायला बाहेरची डिस्क. लॅपटॉप बिघडला तर दुरुस्त होतो, गेलेलं काम परत येत नाही.

९. लॅपटॉप कुणाचा? आधीच लिहून ठेवा

हा प्रश्न अवघड वाटतो म्हणून बैठकीत कुणी काढत नाही, आणि पुढे भांडण याच्यावरूनच होतं. लॅपटॉप गटाच्या पैशातून घेतला, तर बिल गटाच्या नावाने हवं आणि वस्तू मालमत्ता नोंदवहीत चढायला हवी. तो कुणाच्या घरी राहील, वापराचे पैसे कसे लागतील, पडला-फुटला तर दुरुस्ती कोण देईल, हे ठरावात लिहा.

सभासदाने कर्ज काढून मुलीसाठी घेतला, तर तो मुलीचा. तिचं लग्न ठरलं की तो तिच्याबरोबर जाणार की धाकट्या भावाच्या अभ्यासाला घरी राहणार? हे आज घरात बोलून घ्या. माझं मत विचाराल तर ज्या हाताने त्यावर काम करून हप्ते फेडले, त्या हाताबरोबर तो जावा. तिच्या रोजगाराचं ते साधन आहे. शिलाई मशीन पाठवतोच ना आपण मुलीबरोबर?

पुढच्या बैठकीसाठी अभ्यास

१. आपल्या गटाने गेल्या वर्षभरात लेबल, फ्लेक्स, पत्रिका यांच्या डिझाइनवर किती पैसे बाहेर दिले, ते बिलांवरून काढा.
२. आपलं काम पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्या प्रकारातलं, ते ठरवा.
३. गटाच्या व्याजदराने ४८,००० रुपयांचा पहिला आणि शेवटचा हप्ता काढा. सचिवताईंनी फळ्यावर मांडावा, बाकीच्यांनी वहीत.
४. खालच्या ओळी कागदावर उतरवून दुकानात न्या :

रॅम ८ की १६? वाढते का?
एसएसडी ५१२ आहे का?
प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय?
स्क्रीन फुल एचडी, आयपीएस? एसआरजीबी किती टक्के?
विंडोज ११ मूळ आहे का?
वजन किती? बॅटरी किती तास?
वॉरंटी किती, सर्व्हिस सेंटर कुठे?
रोख किंमत किती, हप्त्याने एकूण किती?

ज्या गटांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर काढलं असेल, त्यांनी आकडा संघाच्या बैठकीला घेऊन या. पाच-सहा गटांचा डिझाइनचा खर्च एकत्र मांडला, तर आपल्यातल्याच एखाद्या मुलीला वर्षभर पुरेल एवढं काम आहे की नाही, हे तिथेच कळेल. असेल तर तिच्या कर्जाच्या अर्जाला तोच आकडा जोडू.